तिसऱ्या चौकोनावरची खूण

हे प्रकरण आमच्या घरचं आहे. भाचीला आणि ताईला विचारून लिहितोय. नावं कुणाचीच देत नाही, ना विद्यापीठाचं, ना शहराचं, ना विमान कंपनीचं. तारखा आणि रकमा मात्र ठेवल्यात, कारण या सगळ्यात चुकलं ते तारखांमध्ये, आणि निभावलं तेही एका तारखेमुळेच.

९ एप्रिल २०२५, बुधवार. पहाटे पाचपाखाडीतल्या घरी भाचीची आजी गेली. भाऊजींची आई, वय ८६. जिच्या मांडीवर ही नात वाढली ती गेली तेव्हा नात जर्मनीत होती, मास्टर्सचं पहिलं सत्र संपवून दुसऱ्याच्या तोंडावर. पासपोर्टवरचा व्हिसा २४ मार्चला संपलेला. राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज ११ फेब्रुवारीला भरलेला, पण प्रत्यक्ष बोलावणं थेट १२ जूनचं. मधल्या काळासाठी हातात काय? एक ईमेल. तोही यंत्राने धाडलेला. तुमचा अर्ज मिळाला, क्रमांक अमुक.

ताईने फोनवर बातमी सांगितली आणि त्याच दमात विचारलं, "तिला तिकीट काढायला सांगते, चालेल ना रे?"

मी म्हटलं, "थांब."

त्या एका शब्दावरून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

येण्यात काहीच अडचण नव्हती. भारतीय पासपोर्टवर भारतात यायला कोण अडवणार? प्रश्न परत जाण्याचा होता. तो प्रश्न त्या पहाटे उभा राहिला नव्हता. त्याची सुरुवात आधीच्या जुलैत, माझ्याच हातून झाली होती.

व्हिसा लागला की झालं?

ठाणे स्टेशनातून बाहेर पडून गोखले रोडने तीन पेट्रोल पंपाच्या दिशेने चालत या. परदेशी शिक्षणाच्या पाट्या मोजून दमाल. प्रत्येक पाटीवर एक शब्द हमखास असतो, व्हिसा. तिथे पोचल्यानंतर राहण्याचा परवाना काढावा लागतो, हे सांगणारी पाटी मला अजून दिसलेली नाही. साहजिक आहे; त्या कामात इथल्या कुणाला पैसे सुटत नाहीत.

जर्मनीचा हिशोब दोन टप्प्यांचा आहे. पासपोर्टवर चिकटतो तो 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा. तो काही महिन्यांचा असतो, भाचीचा सहा महिन्यांचा होता. पूर्ण शिक्षणासाठीचा निवास परवाना, म्हणजे तिथल्या निवास कायद्याच्या कलम १६ब खालचा, त्या त्या शहरातलं परदेशी नागरिकांचं कार्यालय देतं. कार्यालयाचं नाव आउसलेंडरबेहोर्डे. आपली मुलं तोंडाला त्रास न देता 'एबीएच' म्हणतात. मुंबईत मिळालेला व्हिसा तुम्हाला दारातून आत घेतो. आत किती दिवस राहायचं हे एबीएच ठरवतं.

हे मला ठाऊक होतं का? वाचून ठाऊक होतं. मी एका सरकारी बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो, त्यामुळे घरातल्या कुठल्याही परदेशी कागदाचा मी आपोआप जाणकार. भाचीने २०२३ च्या दिवाळीत जर्मनीचं मनावर घेतलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "कागदांचं तुम्ही बघा." बघितलं. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या पदव्या खऱ्या आहेत याची दिल्लीतून होणारी तपासणी. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते व्हिसाच्या अर्जासोबत द्यावं लागतं. त्याचे १८,००० रुपये भरले. प्रमाणपत्र आलं. प्रवेशाचं पत्र जुलै २०२४ मध्ये आलं. आणि तिथे मी पहिली चूक केली.

६९६ युरो

जर्मनीला शिकायला जाणाऱ्याने पहिल्या वर्षाचा राहण्या-जेवणाचा खर्च आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवायचा असतो. या ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा ठरलेलीच रक्कम सुटते. तेव्हा महिन्याला ९३४, वर्षाला ११,२०८ युरो. शैक्षणिक कर्ज मंजूर झालेलं होतं, युरो ९१ रुपयांच्या आसपास होता, पुढे चढेल अशी माझी अटकळ. जुलैतच पैसे पाठवले. सुमारे १० लाख २० हजार. सात लाखांवरच्या रकमेवर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर, कापला गेला तो वेगळा, पण कर्जाच्या पैशांवर तो किरकोळच होता. युरो खरंच चढला आणि मी दोन महिने स्वतःवर खूश होतो.

व्हिसाच्या अर्जाची अपॉइंटमेंट मिळाली ४ सप्टेंबरची. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी भाचीचा मेसेज आला, "मामा, ग्रुपवर सगळे ११,९०४ म्हणतायत."

तेच खरं होतं. ही रक्कम कुणी मनाने ठरवत नाही. जर्मन विद्यार्थ्याला तिथलं सरकार बाफॉग नावाची जी मदत देतं, तिच्या कमाल आकड्याला ती बांधलेली आहे. मदत ९९२ युरोवर गेली, म्हणून १ सप्टेंबर २०२४ पासून बंद खात्याची रक्कमही महिन्याला ९९२, वर्षाला ११,९०४. अर्ज कधी होणार त्यावर आकडा ठरतो, पैसे कधी भरले त्यावर नाही. मी जूनमध्ये छापून ठेवलेली यादी पुढ्यात घेऊन बसलो होतो. बँकेत असताना जुने परिपत्रक वापरणाऱ्या क्लार्कला मी काय काय बोललोय ते आठवलं.

फरक ६९६ युरोचा, म्हणजे पासष्ट हजारांच्या घरात. रक्कम मोठी नव्हती, वेळ वाईट होती. ७ सप्टेंबरला गणपती, शनिवार-रविवार मध्ये, आणि परदेशी पैसे पोचायला दोन-तीन कामाचे दिवस. ४ तारखेला ती पैसे पाठवल्याची पावती घेऊन गेली, वाढीव रकमेचा दाखला नंतर जोडला. व्हिसा सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात हातात आला. मुदत २५ सप्टेंबर २०२४ ते २४ मार्च २०२५. ताईने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लाल पेनाने लिहिलं: '२४ मार्च, व्हिसा संपतो.' जानेवारीत नवं कॅलेंडर आल्यावर तोच मजकूर मार्चच्या चौकोनात उतरवला.

आमच्या घराने त्या चौकोनाकडे बघून पुढचे सगळे निर्णय घेतले. चुकीचा चौकोन होता.

खोली होती, पत्ता नव्हता

भाची पोचली सप्टेंबरच्या अखेरीला. वसतिगृहात जागा मिळेना. एका मुलीने आपली भाड्याची खोली दोन महिन्यांसाठी पोटभाड्याने दिली. स्वस्त, विद्यापीठाजवळ, खिडकीतून झाड दिसतं. ताईला व्हिडिओ कॉलवर खोली पसंत पडली.

जर्मनीत नव्या घरात राहायला आलात की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. नोंदीला घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं: होय, ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते. पोटभाड्याने देणाऱ्या मुलीने मूळ मालकाला काही कळवलेलं नव्हतं. ती पत्र कशी देणार? "दोनच महिने तर आहेस," म्हणाली.

आपल्याकडे भाडेकरार रजिस्टर न करता अकरा महिने काढणारे कमी नाहीत. सोसायटीत फार तर सेक्रेटरी कुरकुरतो. म्हणून भाचीलाही त्यात फारसं वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पण तिथे हा एक दाखला नसला की मागचे सगळे डबे रुळावरच उभे. पत्त्याची नोंद झाल्याशिवाय करासाठीचा क्रमांक घरी येत नाही. आणि कुठल्या शहराच्या एबीएचकडे अर्ज करायचा ते ठरतं नोंदवलेल्या पत्त्यावरून. म्हणजे व्हिसाच्या सहा महिन्यांतले पहिले दोन महिने ती जर्मनीत होती, पण कागदावर कुठेच राहत नव्हती.

१ डिसेंबरला विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली. आठवड्याभरात नोंद झाली. उशिराबद्दल दंड होऊ शकला असता, झाला नाही. खिडकीतलं झाड गेलं.

डिसेंबरमध्ये अर्ज करता आला असता. पत्ता होता, आरोग्य विमा होता, विद्यापीठाचं प्रमाणपत्र होतं. ती म्हणाली, "मामा, मार्चपर्यंत आहे ना. परीक्षा होऊ दे." मी हो म्हटलं. तीन महिने हातात असताना कोण घाई करतं?

आमचं शहाणपण इथे उपयोगी पडलेलं नाही हे नोंदवायला हवं. तिला जागं केलं ते वसतिगृहातल्या शेजारणीने, इंडोनेशियाच्या. तिचा स्वतःचा अर्ज एबीएचमध्ये पाच महिने पडून होता. तिने ११ फेब्रुवारीच्या रात्री भाचीला लॅपटॉपसमोर बसवलं, ऑनलाइन फॉर्म भरून घेतला, सगळे कागद चढवून घेतले आणि शेवटी आलेली पोच पीडीएफ करून ठेवायला लावली. भाचीच्या मनात अर्ज करायचा होता तो परीक्षा आटोपून, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे २४ तारखेच्या पलीकडेही गेला असता.

कायद्याने काय होतं, हातात काय होतं

निवास कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४. चालू परवाना संपण्याच्या आत ज्याने नव्या परवान्यासाठी अर्ज केला, त्याचा जुना परवाना निर्णय लागेपर्यंत चालूच आहे असं मानलं जातं. पर्यटनाच्या शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या सामाईक प्रवेशक्षेत्रात थोडे दिवस फिरायच्या व्हिसाला, ही सोय नाही. 'डी' व्हिसाला आहे. म्हणजे २४ मार्चला पासपोर्टवरची तारीख उलटली तरी भाचीचं तिथे राहणं, शिकणं, नियमात बसेल तेवढं काम करणं, सगळं कायदेशीर होतं. तेही कुणी साहेबाने सही केली म्हणून नाही. ११ फेब्रुवारी ही तारीख २४ मार्चच्या आधीची होती, एवढ्याच कारणाने. अर्ज २५ मार्चला गेला असता तर हे संरक्षण आपोआप मिळालं नसतं. फार अन्याय होत असेल तर कार्यालय ते देऊ शकतं, पण मग त्यांच्या मर्जीवर.

कायद्याचा हा मानीव परवाना सिद्ध करायला एक कागद असतो. फिक्शन्सबेशायनिगुंग. मुलं 'फिक्शन' म्हणतात, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाऊजींना वाटलं मुलगी कादंबरी वाचतेय. घडीचा कागद, पासपोर्टसोबतच चालणारा. त्यात तीन चौकोन असतात. पहिला म्हणतो, राहण्याला परवानगी आहे असं मानावं. दुसरा, देशाबाहेर काढणं स्थगित आहे असं मानावं. तिसरा, जुना परवाना चालू आहे असं मानावं. देशाबाहेर जाऊन पुन्हा आत यायचं असेल तर खूण तिसऱ्याच चौकोनावर हवी, आणि सोबत तो मुदत संपलेला व्हिसाही हवा. पहिल्या किंवा दुसऱ्या खुणेवर बाहेर पडलात तर परतीला नवा व्हिसा.

९ एप्रिलला भाचीकडे हा कागद नव्हता. ईमेल होता.

माझी नोकरीतली शेवटची बरीच वर्षं लेटर ऑफ क्रेडिटच्या, म्हणजे आयात-निर्यातीत बँक देते त्या पैशांच्या हमीच्या, टेबलावर गेली. त्या धंद्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, यूसीपी ६००. त्यातलं पाचवं कलम सांगतं की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. गोदीत आंब्याच्या पेट्या डोळ्यांसमोर रचलेल्या असोत, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, नसेल तर बँकेच्या लेखी आंबे नाहीत. मी हे वाक्य नवीन ऑफिसरांना इतक्या वेळा ऐकवलंय की त्या पहाटे तेच तोंडात आलं. भाचीचा हक्क शंभर टक्के होता. पण सहार विमानतळाच्या काउंटरवर हक्क दाखवता येत नाही.

ते सहा दिवस

घर माणसांनी भरलेलं. प्रत्येकाकडे एक माहिती. डोंबिवलीचे काका म्हणाले, "माझ्या मित्राचा मुलगा असाच ईमेलवर आला आणि गेला, कुणी विचारलं नाही." असेलही. कुणी म्हणालं, इथून नवा व्हिसा काढू, नरिमन पॉइंटला जर्मनीचा वाणिज्य दूतावास आहेच. नवा व्हिसा म्हणजे नवी अपॉइंटमेंट, नवी फाइल, किती आठवडे ते सांगता येत नाही. तिकडे नवीन सत्र सुरू, आणि एबीएचमधला जुना अर्ज लटकलेला. ताई काहीच बोलत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "सासूबाई शेवटच्या आठवड्यात तिचंच नाव घेत होत्या."

यावर माझ्याकडे कुठल्याही कलमाचं उत्तर नव्हतं.

भाचीला मी एवढंच म्हटलं, "अगं, तू येणार. पण कागद घेऊन येणार. दहावा १८ तारखेला आहे, तोपर्यंतचे दिवस आपल्याकडे आहेत." म्हणायला म्हटलं. मनात वेगळंच होतं: १८ एप्रिल म्हणजे गुड फ्रायडे. जर्मनीत शुक्रवारपासून ईस्टरच्या सोमवारपर्यंत सरकारी दारं बंद. हाताशी कामाचे दिवस मोजून पाच-सहा.

गुरुवारी ती अपॉइंटमेंटशिवाय एबीएचच्या दारात उभी राहिली. सुरक्षारक्षकाने शांतपणे परत पाठवलं. ऑनलाइन तातडीचा फॉर्म भरा. भरला. त्याला जोडायचं काय? ठाणे महापालिकेचा मृत्यूदाखला यायला वेळ होता. आमच्याकडे होतं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि स्मशानभूमीची पावती, पूर्ण मराठीत. भाचीने तिचं इंग्रजी आणि मोडकंतोडकं जर्मन भाषांतर स्वतः केलं. नातं सिद्ध करायला मात्र अनपेक्षित मदत झाली. पावतीवर अर्जदार म्हणून भाऊजींचं नाव होतं, आणि भाचीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडील म्हणून तेच नाव, अक्षर न् अक्षर तेच. स्पेलिंगमध्ये एक 'एच' कमी-जास्त असता तर? आपल्याकडे असतोच. या वेळी नव्हता.

शुक्रवारी ती विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात गेली. हे आधी सुचायला हवं होतं. तिथल्या बाईंनी तिचं ऐकलं, पाणी दिलं आणि एबीएचमध्ये ज्यांच्याशी त्यांचा नेहमीचा पत्रव्यवहार असतो त्यांना ईमेल लिहिला. अर्जाचा क्रमांक, अर्जाची तारीख, व्हिसा संपण्याची तारीख, प्रवासाचं कारण, आणि नेमकी मागणी: कलम ८१ पोटकलम ४ प्रमाणे प्रमाणपत्र. पाच ओळी. भाचीच्या आधीच्या दोन ईमेलमध्ये आजीबद्दल तीन परिच्छेद होते आणि अर्ज क्रमांक नव्हता. तिला दोष देत नाही.

शनिवार-रविवारी काही हललं नाही. आमच्याकडे भिंतीशी दिवा, येणारी-जाणारी माणसं, पिठलं-भात. सोमवारी दुपारी उत्तर आलं: मंगळवारी सकाळी साडेआठ, खोली अमुक, पासपोर्ट, फोटो, १३ युरो.

मंगळवार, १५ एप्रिल. मी तिला आदल्या रात्री बजावलं होतं, "खोलीतून बाहेर पडायच्या आधी कागद उघडून बघ. तिसरा चौकोन. पहिला असेल तर तिथेच, त्यांच्यासमोरच बोल." आपल्याकडे साहेबासमोर कागद तपासणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, मुली तर फारच संकोचतात. तिने तपासला. समोरची बाई हसली आणि स्वतःच बोट ठेवून दाखवलं. तिसराच होता. पासपोर्ट क्रमांक बरोबर. मुदत १४ जुलैपर्यंत.

फोटो आला तेव्हा मी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो होतो. मोठा करून तीनदा पाहिला आणि ताईला पाठवला. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. तिने लगेच फोन केला, "कधी पोचेल?"

१७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पोचली. १८ ला दहाव्याला घाटावर भाऊजींच्या शेजारी उभी होती. पिंडाला कावळा शिवायला बराच वेळ लागला. नात पुढे होऊन काहीतरी पुटपुटली आणि मग शिवला. यावर ज्याने त्याने आपापलं मत ठेवावं.

काउंटर

परतीचं तिकीट काढताना भाऊजी आणि माझ्यात थोडं वाजलं. दुसऱ्या एका शेंगेन देशातून जाणारं विमान अठरा हजारांनी स्वस्त होतं. तिसऱ्या चौकोनाची खूण असलेला कागद शेंगेनच्या यादीत मान्य परवान्यांमध्ये धरलेला आहे, तेव्हा कायद्याने ते चाललं असतं. पण मग पहिला सीमाशिक्का त्या दुसऱ्या देशात बसणार, आणि जर्मनीतल्या एका शहराने दिलेला घडीचा कागद तिथल्या पोलिसाला पहाटे पाच वाजता समजावून सांगायचा कुणी? थेट जर्मनीत उतरणारं विमान घेतलं. अठरा हजार गेले.

२६ एप्रिलला उत्तररात्रीचं विमान. आम्ही सगळे सोडायला. काउंटरवरची मुलगी मराठी होती, त्यामुळे नकार मायबोलीत ऐकायला मिळाला, "मॅडम, तुमचा व्हिसा मार्चमध्येच एक्स्पायर झालाय."

भाचीने फाइल पुढे केली. घडीचा कागद, विद्यापीठाचं प्रमाणपत्र, पत्त्याची नोंद, आरोग्य विमा, ११ फेब्रुवारीची पोच, १२ जूनच्या बोलावण्याचं पत्र. मुलीने कागद उलटसुलट पाहिला, "हे काय असतं?" आणि वरिष्ठांना बोलावलं. ते आले, त्यांनी टिमॅटिक उघडलं; कुठल्या देशात शिरायला कुठला कागद लागतो हे विमान कंपन्या या यंत्रणेत बघतात. मग फोन. मग पुन्हा स्क्रीन. आम्ही काचेबाहेर. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ताईने माझा दंड धरला होता.

त्या कर्मचाऱ्यांचा मला राग आला नाही. कागद नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणायचा खर्च विमान कंपनीच्या डोक्यावर, वर दंडही होऊ शकतो. तेही मालाचा नाही, कागदाचाच व्यवहार करतात. पस्तीस मिनिटांनी वरिष्ठांनी भाचीला विचारलं, "यातली कुठली लाइन?" तिने तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. पासपोर्ट क्रमांक ताडला, मुदत संपलेल्या व्हिसाचं पान पाहिलं. बोर्डिंग पास छापला.

तिकडे उतरल्यावर सीमा पोलिसाने तोच कागद पाहून दोन मिनिटांत शिक्का मारला. त्याच्यासाठी ते रोजचंच.

ईमेलवर आली असती तर? कदाचित डोंबिवलीच्या काकांच्या मित्राच्या मुलासारखी गेलीही असती. वरिष्ठांनी जे पस्तीस मिनिटं शोधलं ते त्या ईमेलमध्ये सापडलं असतं असं मला वाटत नाही.

जून

१२ जूनच्या बोलावण्याला नवा पेच निघाला, पण तो निव्वळ हिशोबाचा होता. परवाना पुढे द्यायचा तर पुढच्या वर्षाचा खर्च कुठून येणार ते दाखवा. बंद खात्यातून ९९२ चे नऊ हप्ते सुटले होते, शिल्लक २,९७६. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत तिला महिना ५५६ युरोचं छोटं काम मिळालेलं. २०२५ मध्ये मिनीजॉबची, म्हणजे तिथल्या छोट्या अर्धवेळ कामाची, कमाईची मर्यादाच तेवढी. काम करायला हरकत नव्हती, मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस चालतं, आधी १२० आणि २४० होते. पण पोट ९९२ चं, कमाई ५५६ ची. महिन्याला ४३६ कमी, वर्षाला ५,२३२. त्यातून शिल्लक वजा जाता २,२५६ युरो. कार्यालयाने कामाचा करार आणि बाकीची रक्कम, दोन्ही मिळून धरायचं मान्य केलं. एव्हाना युरो ९९ वर पोचला होता, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास. या वेळी रक्कम पाठवायच्या आधी मी भाचीकडून कार्यालयाचा ताजा आकडा लेखी मागवला. जुनी यादी केव्हाच रद्दीत गेली होती.

बोटांचे ठसे झाले. कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून यायला काही आठवडे लागतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं, घडीच्या कागदाची मुदत संपायच्या आत. दोन वर्षांचं. ११ जून २०२७ पर्यंत.

भाचीने फोटो पाठवला त्या दिवशी मी ताईकडे जेवायला होतो. आजींच्या फोटोला हार घालून झाला, मग ताईने लाल पेन शोधलं आणि भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. २०२७ चं अजून छापलेलंच नव्हतं. तिने मागच्या पानावर लिहायला घेतलं. मला वाटलं ११ जून लिहील. तिने लिहिलं, 'फेब्रुवारी २०२७, अर्ज भरणे,' आणि खाली दोन रेघा मारल्या.